कोसंबींचे दोन पेपर

पिकांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या कुणालाही ‘कोसंबी फंक्शन’ माहीत असतं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे काढायला जगभर ते सूत्र वापरतात. ज्वारीवर काम करताना मीही वर्षानुवर्षं वापरतोय. हे कोसंबी म्हणजे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्याचा, तेव्हा पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत होते. त्या सूत्राचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, 1944 साली इंग्लंडच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या जर्नलमध्ये आला.

त्याआधी वर्षभर, 1943 मध्ये, त्यांचा दुसरा एक पेपर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला होता. त्यातली कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या परदेशी गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. आज सिग्नल प्रोसेसिंगच्या (आवाज, चित्रं अशा संकेतांवर गणिती प्रक्रिया करण्याच्या) पुस्तकांत ती बहुतेक ठिकाणी त्या दोघांच्याच नावाने शिकवतात. युद्धाचे दिवस होते, हे खरं. पण आपलं जर्नल तिकडे वाचलंच जात नव्हतं, हेही खरं.

म्हणून सगळं बाहेरच छापावं? मला नाही पटत. रामन यांनी 1928 मध्ये आपला शोध ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये सविस्तर छापला. ‘नेचर’ला टिपणं पाठवलीच, शिवाय या पेपरच्या प्रती परदेशातल्या शास्त्रज्ञांना टपालाने धाडल्या. घरचं जर्नल चांगलं काम छापायला आणि जगापुढे न्यायला असतं, असं ते मानत होते.

आज पेपरांच्या संख्येत भारत जगात तिसरा आहे. पण बढतीच्या मुलाखतीत परदेशी जर्नलचं वजन वेगळंच. त्यामुळे चांगलं काम बाहेर जातं, उरलेलं इथे येतं, आणि मग आपणच म्हणतो की इथली जर्नल्स कमकुवत आहेत. रब्बी ज्वारीवरच्या खडखड्या रोगावरचा माझा पेपर एका परदेशी जर्नलने ‘स्थानिक महत्त्वाचा’ म्हणून न वाचताच परत केला. सोलापूरच्या शेतकऱ्याचं उभं पीक त्या रोगाने आडवं होतं. तो पेपर शेवटी इथे छापला, आणि माझ्या मूल्यमापनात त्याला जेमतेम गुण मिळाले.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी, म्हणजे परदेशी जर्नल्स देशभरातल्या सरकारी संस्थांना वाचायला मिळावीत म्हणून, सरकार तीन वर्षांत 6,000 कोटी रुपये खर्च करतंय. विद्यार्थ्यांना वाचायला मिळेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आपल्या जर्नल्सना पगारी संपादक, वेळेवर रिव्ह्यू आणि धड वेबसाइट द्यायला याचा अगदी छोटा हिस्साही पुरेल. ब्राझीलने सार्वजनिक पैशातून ‘सायेलो’ हे जर्नल्सचं ऑनलाइन व्यासपीठ उभं केलं. तिथली जर्नल्स कुणालाही फुकट वाचता येतात.

माझ्या विद्यार्थिनीचा पेपर तयार आहे. कुठे पाठवू, विचारत होती. तिला अजून नोकरी लागायची आहे, म्हणून बाहेरच पाठव म्हणालो. माझा पुढचा मात्र इथेच देणार आहे.