हार्ट अटॅकच्या चौकशीत हवेचं नाव कधी येणार?

आज सकाळी कोपऱ्यावर पुन्हा कचरा पेटवला होता. पालापाचोळा, त्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोलचे तुकडे. थंडीमुळे धूर वर जात नव्हता, रस्त्यावरच पसरत होता. आणि चार पावलांवर इस्त्रीवाले काका टेबल मांडत होते. तेच काका, ज्यांची दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली.

त्यांना अटॅक आला तेव्हा अख्ख्या सोसायटीत एकच वाक्य फिरत होतं, "अहो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, मग असं कसं?" असं कसं म्हणजे? माणूस दिवसभर चौकात उभा असतो. पाठीशी डिझेलच्या बस आणि टेम्पो, पुढ्यात कोळशाची इस्त्री. बिडी ओढली नाही म्हणून धूर आत गेला नाही, असं थोडंच आहे!

धूर म्हटलं की आपल्याला खोकला आणि दमाच आठवतो. पण पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, नाकाघशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथे दाह होतो आणि त्याची रसायनं रक्तात उतरतात. मग यकृत फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, वाढवतं, प्लेटलेट्स चिकट होतात, गुठळी लवकर धरते. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एरवी नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतं. ते कमी पडलं की वाहिनी आवळते, बीपी चढतं. आत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर अशा वेळी फुटला, तर त्यावर गुठळी होते आणि वाहिनी बंद. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हृदयविकार असलेल्या २० पुरुषांना विरळ केलेला डिझेलचा धूर देऊन व्यायाम करायला लावला होता. फक्त तासभर. स्वच्छ हवेतल्यापेक्षा ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा स्पष्ट जास्त दिसल्या. एका तासात हे होतं, तर काकांच्या इतक्या वर्षांचं काय?

आणि त्या इस्त्रीचंही ऐका. कोळसा पेटताना धूर दिसतो म्हणून आपण तोंड फिरवतो. निखारा लाल झाला की वाटतं, आता ठीक. पण तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. उघड्यावर तो विरून जातो, हे खरं. पण काकांनी वाऱ्यामुळे तीन बाजूंनी ताडपत्री बांधलीय! निदान समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या हव्यात आणि कोळसा टपरीबाहेर, वारा आपल्याकडून तिकडे जाईल अशा जागी पेटवायला हवा. गॅसवर चालणारी इस्त्रीही मिळते. वर्गणी काढून ती घेऊन देणं आपल्याला जड नाही.

हो, मान्य आहे, तंबाखू, बीपी, मधुमेह ही मोठी कारणं आहेतच आणि गोळ्या चुकवून मास्क लावण्यात अर्थ नाही. पण केसपेपरवर "तंबाखू? दारू?" विचारतात, तसं "दिवसभर कुठे उभे असता? चूल कशावर पेटते?" हे का विचारत नाहीत?

त्यात मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, शंभरच्या आत दिसला की सगळे निवांत. आपल्या सरकारी मोजणीत एक्यूआय १०० म्हणजे पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. चोवीस तासांसाठी आपली मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. वर्षाच्या सरासरीला आपली ४०, त्यांची ५. शिवाय हा सरकारी एक्यूआय चोवीस तासांची सरासरी असतो. नाकासमोर पेटलेला ढीग त्यात कुठे दिसणार?

ज्यांच्या घरी हृदयाचा पेशंट आहे त्यांनी एवढं तरी करा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा वॉक बंद. गार हवेचा थर जमिनीलगत धूर दाबून ठेवतो, तो ऊन चढल्यावरच सुटतो. तेव्हा उन्हं वर आल्यावर चाला, आणि मोठ्या रस्त्याकडेने नको. कापडी मास्क या कणांना पुरेसा नाही, एन-९५ लागतो, तोही कडेने हवा शिरणार नाही असा बसवलेला. एअर प्युरिफायर घेणार असाल तर १२ बाय १० फुटांच्या आणि १० फूट उंच खोलीला ताशी १७० घनमीटर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) लागतो, तेव्हा तासाला पाच वेळा हवा गाळली जाते. ज्यांना परवडत नाही त्यांनी आधी रात्रीची मच्छर कॉइल बंद करून मच्छरदाणी लावावी. बंद खोलीतली कॉइल हा काही छोटा धूर नाही.

सकाळी मी झाडणाऱ्या मावशींवर चिडणारच होते. पण त्यांचं तोंड पदराने बांधलेलं, डोळे लाल झालेले. घंटागाडी पाला घेत नाही, ढीग राहिला तर मुकादम बोलतो, मग काय करतील त्या? सगळ्यात जास्त धूर त्यांच्याच छातीत जातोय. राग यायला हवा तो आपला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवलाय. आपल्या गेटसमोर ढीग पेटतो आणि आपण गाडीची काच वर करून निघून जातो!

तर सोसायटीतल्यांनो, पाण्याच्या टाकीमागे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्यायचा आहे. आधी प्लास्टिक वेचून काढायचं. मग वीतभर पाला, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवायची. जास्त पाणी झालं तर कुजून वास सुटतो, कमी पडलं तर पाला तसाच राहतो. पंधरा दिवसांनी एकदा खालीवर करायचा. चार-पाच महिन्यांत खत होतं. रविवारी सकाळी नऊला या, येताना ज्यांच्याकडे फावडं, घमेलं आहे त्यांनी ते आणा. शेण मी सांगून ठेवलंय.