मूठभर म्हणजे किती कुंड्या?

पाककृती लिहिणाऱ्यांनी कधी कुंडी पाहिलेली नसावी, असा माझा दाट संशय आहे. 'वरून मूठभर कोथिंबीर भुरभुरावी' हे वाक्य ते इतक्या सहज लिहून मोकळे होतात, जणू कोथिंबीर नळाला येते. ज्याने ती घरी पेरली आहे, त्याने आधी हिशेब मांडावा. 8 इंची कुंडीत दाटीने पेरलेली आणि कुणाची दृष्ट न लागलेली कोथिंबीर कापली, की जेमतेम एक मूठ भरते. पेरल्यापासून त्या मुठीपर्यंत साधारण 40 दिवस जातात. पुन्हा फुटून दुसरी मूठ मिळायला आणखी 20. म्हणजे 60 दिवसांत एका कुंडीच्या दोन मुठी. घराला आठवड्यातून दोनदा मूठभर लागत असेल, तर 60 दिवसांत 17 मुठी झाल्या. भागाकार केला की साडेआठ कुंड्या येतात, त्याही फक्त कोथिंबिरीच्या. खिडकीत बसतात तीन.

घरच्या भाजीपाल्याचा खरा जाच हाच आहे. झाडाचं वेळापत्रक आणि स्वयंपाकाचं वेळापत्रक यांची भेट होत नाही. कढईत तेल तापलेलं असतं तेव्हा कुंडीत दोन-दोन पानांची रोपं उभी असतात, आणि कुंडी भरून वाहते त्या आठवड्यात घरातले सगळे बाहेर जेवतात.

कोथिंबीर सोपी असते असं म्हणतात. म्हणणारे ती बहुधा विकत आणतात. धण्याचा गोल दाणा ही एक बी नसून आत दोघी नांदत असतात. लाटण्याने हलका दाब देऊन त्यांना वेगळं करायचं. हलका म्हणजे हलकाच, आपल्याला धणेपूड करायची नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, 1 सेंटिमीटर खोल पेरायचं आणि दोन बियांत 2-3 सेंटिमीटर अंतर ठेवायचं. डब्यातले धणे किती जुने आहेत हे डब्यालाही आठवत नसेल, तर आधी 10 दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवावेत. दोन आठवड्यांत निम्मेही फुटले नाहीत तर त्या धण्यांची रवानगी मसाल्यात करावी.

पेरल्यावर 7 ते 15 दिवस काहीही दिसत नाही. बियांना हा काळ निवांत जातो, माणसाला जात नाही. 'रुजतंय का, जरा बघू' म्हणून माती उकरणारं बोट हा कुंडीचा पहिला शत्रू. किडी फार नंतर येतात. उगवलेली रोपं उचलून दुसरीकडे लावण्याचा मोहही आवरावा. कोथिंबिरीला सोटमूळ असतं. ते दुखावलं की रोप पानांचा नाद सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतं. पारा सतत 27-28 अंशांच्या वर राहिला तरी तेच. मधूनच एक उंच दांडा निघतो, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि चव उतरते. तो दांडा कापून काही उपयोग नसतो, झाडाचा निर्णय झालेला असतो. फुलं येऊ द्यावीत आणि हिरवे धणे खुडून वापरावेत. ते फार चविष्ट लागतात, फक्त कोणत्याच पाककृतीत ते मूठभर घालायला सांगितलेले नसतात.

उत्साही माणूस एकाच रविवारी सगळ्या कुंड्या पेरतो. त्यामुळे सगळ्या एकदम कापणीला येतात आणि एकदमच फुलोऱ्यावर जातात. दर 12-15 दिवसांनी एक कुंडी पेरावी आणि तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी. कापताना मातीपासून 3-4 सेंटिमीटर वर कात्री लावून मधली कोवळी पानं राखावीत. मुळासकट उपटणाऱ्याने दुसऱ्या मुठीचा हिशेब माझ्याकडे मागू नये.

आता कुंडीबद्दल. तळाशी खडे घातले की पाण्याचा निचरा होतो, हा सल्ला इतक्या जणांनी इतक्या आत्मविश्वासाने दिलेला आहे की त्याला विरोध करणं उद्धटपणाचं वाटतं. तरी करतो. बारीक मातीतलं पाणी खालच्या खड्यांत तोवर उतरत नाही, जोवर वरची माती पुरती ओथंबत नाही. म्हणजे जो चिखल तळाशी राहायचा, तो खड्यांच्या थरामुळे चार बोटं वर, थेट मुळांपाशी येतो. शिवाय मुळांची जागा खड्यांनी खाल्ली ती वेगळीच. निचरा हवा असेल तर तळाला 1 सेंटिमीटरची चार-पाच भोकं पाडावीत आणि त्यांवर जाळीचा तुकडा टाकावा. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेलं खत समसमान घ्यावं. कोकोपीट पाणी धरतं, पोसत मात्र नाही. त्यात क्षार असू शकतात, म्हणून एकदा-दोनदा भिजवून पिळून घ्यावं. खताची परीक्षा नाकाने करावी. पिशवीतून उग्र वास आला, हाताला ऊब लागली किंवा हे पूर्वी काय होतं ते ओळखू आलं, तर ते अजून कुजतंय. असं खत कोवळी मुळं जाळतं. महिनाभर थांबावं.

पाणी घालणं हे घरबागेतलं सगळ्यात सोपं काम समजलं जातं आणि सगळ्यात जास्त रोपं त्यातच जातात. कारण दिवसभराच्या कामानंतर माणसाला कुणासाठी तरी काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं आणि हाताशी तांब्या असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली तर कणांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात, कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग पानं मलूल पडतात. मलूल पान पाहून माणूस काय करतो? आणखी पाणी घालतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड लांबून सारखंच दिसतं, म्हणून पानांकडे न पाहता मातीत बोट घालावं, चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत. आत ओल लागली तर तांब्या जागेवर ठेवून दुसरं काहीतरी करावं. कोरडं लागलं तर तळातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर द्यावं आणि बशीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून टाकावं, नाहीतर भाजीआधी डासांचं पीक येतं. रोज वरवर शिंपडण्याने मुळंही वरवरच राहतात. आणि भर दुपारी माना टाकलेल्या टोमॅटोवरून कोणताही निर्णय घेऊ नये. उन्हात पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त असतो, म्हणून मान खाली जाते. संध्याकाळी माती ओलसर असतानाच ती आपोआप ताठ झाली, तर तो निव्वळ अभिनय होता. सकाळीही पडलेलीच असेल तर मात्र प्रकरण खरं आहे.

टोमॅटोचं नाव निघालंच आहे तर सांगतो, की स्वयंपाकघराच्या आशेला इतकं लांबवणारं दुसरं झाड नाही. याला 20 लिटरची कुंडी लागते, म्हणजे ओल्या मातीसकट 25 किलोच्या आसपास वजन. ती आधी जागेवर ठेवून मग भरावी. उलटा क्रम कमरेला कळतो. किमान 6 तास थेट ऊन हवं, 'उजेड भरपूर येतो' हे टोमॅटोला चालत नाही. रोप लावताना खालची पानं काढून अर्धंअधिक खोड मातीत गाडावं, त्या खोडाला नवी मुळं फुटतात. मग झाड फोफावतं, पिवळी फुलं येतात, घरात टोमॅटोच्या पदार्थांची यादी होते आणि फुलं गळतात. दिवसा 32 अंशांच्या वर आणि रात्री 21-22 अंशांच्या वर तापमान राहू लागलं, की परागकण कामातून जातात. तिथे आपलं काही चालत नाही. हवा बरी असूनही फळ धरत नसेल, तर सकाळी उशिरा फुलांच्या घोसाला हलके टिचक्या माराव्यात. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, त्यांना फक्त कुणीतरी हलवावं लागतं. एरवी हे काम वारा आणि गुणगुणणाऱ्या माश्या करतात, बंद गॅलरीत ते घरातल्या मोठ्या माणसाला करावं लागतं. पाहणाऱ्यांनी हसू नये.

एवढं करून धरलेल्या फळाचा बूड काळा, चामड्यासारखा पडतो. लगेच कुणीतरी अंड्याची टरफलं सुचवतं. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोहोचत नाही हे खरं, पण ते बहुतेक वेळा मातीत असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी दोन दिवस दुष्काळ, तिसऱ्या दिवशी पूर असं मिळालं, की वाहतूक तुटते. टरफलं मातीत विरायला महिने घेतात, तोवर टोमॅटोचा हंगाम आटोपलेला असतो. पाणी नियमित द्यावं आणि मातीवर सुक्या पानांचं आच्छादन घालावं. फळाला पहिली गुलाबी झाक आली की तोडून घरात ठेवावं. ते तिथेही व्यवस्थित पिकतं, आणि पक्ष्यांना त्याची तारीख आपल्याआधी कळत नाही.

मिरची त्या मानाने गुणी. 10-12 लिटरच्या कुंडीत निभावते. फक्त तिला चुरडा-मुरडा होतो. पानं वरच्या बाजूला द्रोणासारखी वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला मुडपली तर कोळी नावाची बारीक कीड, एवढं बघून ठेवलं तरी निम्मं निदान होतं. कोवळ्या शेंड्यांना मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, लागला आणि मुंग्यांची ये-जा सुरू झाली, तर मुंग्या मावा खायला आल्यात असा गोड गैरसमज करून घेऊ नये. त्या माव्याचा गोड चिकटा खायला येतात आणि बदल्यात त्याला माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्यांपासून वाचवतात. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुवून काढावा, पानांची खालची बाजू विसरू नये. तरी राहिला तर 1 लिटर पाण्यात 1-2 मिलिलिटर सौम्य द्रवसाबण, मग 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल घालून संध्याकाळी फवारावं आणि आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. कोथिंबीर, मेथी, पुदिना यांच्यावर मात्र हा प्रयोग नको. मावा जाईल, पण ती कडूजहर मूठ मग भुरभुरायची कशावर?

मेथीबद्दल तक्रारीला जागाच नाही. पसरट भांडं, 4-5 इंच माती, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर आणि महिन्याभरात भाजी. कुंडीभर मेथी शिजल्यावर वाटीच्या तळाशी शोधावी लागते, तो दोष मेथीचा नव्हे.

आणि मग पुदिना. एक काडी खालची पानं काढून पाण्यात ठेवली, की आठ-दहा दिवसांत मुळं येतात. ती कधीही दुसऱ्या झाडाच्या कुंडीत लावू नये. मातीखालून धावते फुटवे काढत हा शेजाऱ्याचं घर ताब्यात घेतो. याला वेगळी, पसरट, कायम ओलसर कुंडी द्यावी आणि शेंडे खुडत राहावं. प्रत्येक खुडलेल्या शेंड्याखाली दोन फुटतात. ज्या घरात कोथिंबिरीला साडेआठ कुंड्या हव्या असतात, त्या घरात पुदिन्याची एकच कुंडी दोन कुटुंबांना पुरून उरते, आणि पाककृतीत लिहिलेलं असतं, 'सजावटीसाठी पुदिन्याचं एक पान'.

चार दिवस गावाला जायचं असेल तर जाड सुती दोरीचं एक टोक पाण्याच्या बादलीत आणि दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोचून ठेवावं. बादली कुंडीपेक्षा थोडी उंचावर हवी. कुंड्या सावलीला सरकवाव्यात. शेजाऱ्यांना किल्ली द्यायचीच झाली, तर 'रोज पाणी घाला' हे शब्द तोंडातून काढू नयेत. 'बोट घालून बघा' म्हणावं. ते तरीही रोज पाणी घालतील, दोन वेळा घालतील, आणि परत आल्यावर विचारतील, "एवढं करूनही सुकली हो तुमची झाडं. पुदिना तेवढा छान आलाय, थोडा नेला तर चालेल ना?"