रिपोर्ट नॉर्मल आले, मग पुढे काय?

चोपड्याला आमचं मेडिकल आहे. मी स्वतः डी.फार्म आहे आणि दिवसातला बराच वेळ काउंटरवर मीच असते. खूप दिवसांपासून हे लिहायचं मनात होतं, आज लिहूनच टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्या खान्देशात मनाचं दुखणं मनाच्या नावाने दुकानात येतच नाही. ते ॲसिडिटी म्हणून येतं, चक्कर म्हणून येतं, हातापायाला मुंग्या, डोकं जड, पोटात गोळा, असं काहीही होऊन येतं. बायका निदान "मना जीव घाबरस वं माय, काहीतरी दे" एवढं तरी म्हणतात, पुरुष तेही म्हणत नाहीत, ते सरळ डोकेदुखीची गोळी मागतात नाहीतर हळूच झोपेची. मग सुरू होतं बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, "एक सलाईन लावून द्या डॉक्टर", ईसीजी, जळगावला जाऊन टू-डी इको, एंडोस्कोपी. तपासण्या करूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, थायरॉईड वाढलेलं असलं तरी छाती धडधडते आणि अंगात रक्त कमी असलं तरी माणूस गळून जातो, त्यामुळे ते आधी बघायलाच हवं. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, डॉक्टर म्हणतात "काही नाही, टेन्शन घेऊ नका", घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथेच संपतो. अहो, पण त्या बाईला झोप अजून येतच नाहीये ना! खरं तर तिथून पुढे उपचार सुरू व्हायला पाहिजेत आणि आपण नेमकं तिथेच थांबतो.

आमच्याकडे येणाऱ्या एक काकू आहेत, नाव-गाव सांगणार नाही. एकदा जळगावच्या एसटीत गर्दीत उभ्या असताना त्यांना अचानक घाम फुटला, छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, आता आपण मरतो असंच वाटलं. दवाखान्यात नेलं, ईसीजी एकदम व्यवस्थित. तेव्हापासून त्यांनी एसटी सोडली, मग बाजार सोडला, मग लग्नाकार्यात जाणं सोडलं, कुठेही गेलं तरी डोळे आधी दार शोधायचे. सासरचे म्हणायचे नाटकं आहेत, माहेरचे म्हणायचे बाहेरचं लागलंय. हा पॅनिक अटॅक होता आणि तो अगदी नेहमीचा आजार आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात होतं असं की धडधड सुरू झाली की मन म्हणतं हार्ट अटॅक आला, त्या भीतीने शरीर आणखी जोरात धावतं, मग भीती आणखी वाढते, साधारण दहा मिनिटांत ते टोकाला जातं आणि मग आपोआप ओसरतं. जीव जात नाही. पण ज्याला होतं त्याला त्या क्षणी तसं वाटत नाही, आणि पुन्हा होईल या धाकाने तो एकेक जागा टाळत जातो.

काउन्सेलिंगला गेल्यावर "सकारात्मक विचार करा" असं भाषण देतात असा आपल्याकडे समज आहे. तसं नसतं. त्या काकूंना काउन्सेलिंगच्या मॅडमनी एक वही करायला लावली, कधी झालं, तेव्हा मनात काय आलं, पुढे खरंच काय घडलं. मग थोडं थोडं करून त्याच गोष्टींकडे परत नेलं, आधी नुसतं स्टँडवर जाऊन बसायचं, मग पुढच्या स्टॉपपर्यंत तिकीट काढायचं, घाबरल्यासारखं झालं तरी उतरायचं नाही, ते ओसरेपर्यंत बसून राहायचं. याला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात, ॲरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1960च्या दशकात ही पद्धत मांडली आणि आज जगभर चिंता, पॅनिक, डिप्रेशन यांच्यासाठी ती वापरतात. काकू आता एसटीने तापी ओलांडून लेकीकडे जातात. धडधड कधीतरी होते अजून, पण त्या म्हणतात "व्हऊ दे."

आता झोपेच्या गोळीबद्दल बोलते कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. लोक झोपेसाठी मागतात ती अल्प्राझोलाम औषध कायद्याच्या एच-वन यादीत आहे, चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही आणि दिली की रजिस्टरला नोंद करावी लागते. तरी लोक येतात, "ताई एकच पत्ता द्या ना, शेजारणीला चालते". ती गोळी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर ठीक, पण महिनोन्महिने मनानेच घेत राहिलं तर सवय लागते आणि एकदम बंद केली तर त्रास आणखी वाढतो. आणि झोप का गेली ते तर तसंच राहतं. याच्या उलटही बघते, डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिलेली असते, तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, पण माणूस पाचव्या दिवशी येऊन सांगतो "काही फरक नाही, बंद केली". त्याला कोणी दोन मिनिटं बसून समजावलेलंच नसतं.

वेळ हाच खरा मुद्दा आहे असं मला वाटतं. लोक भगताकडे का जातात? तो घरातलं सगळं विचारतो, कोणाशी भांडण झालं, कोण वारलं, स्वप्नात काय दिसतं, म्हणून जातात. ओपीडीत शंभर पेशंट बाहेर बसलेले, तिथे एवढं कोण विचारणार. गडावर जा, मनुदेवीला जा, मीपण जाते, मनाला बरं वाटतं. पण उतारा टाकण्यात आणि दोरे बांधण्यात वर्ष घालवू नका, तेवढ्यात दुखणं मुरतं.

बाळंतिणीचं तर फार वाईट वाटतं मला. पहिले काही दिवस रडू येतं, चिडचिड होते, ते बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. पण त्याच्यापुढेही ती गप्प गप्प असेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर ते डिप्रेशन असू शकतं. आणि घरात काय चाललेलं असतं, "आम्ही नाही का पोरं काढली?" तिला डिंकाच्या लाडवाबरोबर कोणीतरी विचारणारं पाहिजे हो. दूध पाजत असतानाही यावर उपचार होतात, डॉक्टर बघून देतात.

पोरांचं म्हणाल तर मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा, पोलीस भरती, एमपीएससी, सगळं घर त्याच्यावर डोळे लावून बसलेलं, दोन-तीन अटेम्प्ट गेले की पोरगं खोलीतून बाहेर येत नाही, आणि आपण म्हणतो मोबाईलमुळे बिघडला. नवऱ्याची दारू, नवरा-बायकोतली रोजची धुसफूस, घरातलं कर्तं माणूस गेल्यावर वर्ष उलटलं तरी न सावरणं, पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप दहादा ओढून बघणं, ही सगळी काउन्सेलिंगला न्यायची दुखणी आहेत. त्यासाठी "वेड" लागायची वाट बघायची नसते.

शेतकऱ्यांबद्दल मात्र मी जपून बोलेन. वादळाने केळी आडवी झाली, कापसाला भाव नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, त्याला काउन्सेलिंगने भाव मिळणार नाहीये, आणि सरकारने भावाचा प्रश्न मनाच्या आजारावर ढकलू नये. पण त्या भाराखाली ज्याला दुसरी वाटच दिसेनाशी होते त्याला ती वाट दिसेपर्यंत धरून ठेवणारं माणूस लागतं. घरात कोणी "आता जगून काय उपयोग" असं म्हणत असेल तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला मोकळीक मिळते. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलीस केसच्या भीतीने लपवू नका, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असंच धरलेलं आहे.

2015-16 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मनाच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेने देशभर सर्व्हे केला होता, त्यात साधारण दर दहा मोठ्या माणसांत एकाला मनाचा काही ना काही आजार निघाला आणि डिप्रेशन-चिंता अशा नेहमीच्या आजारांत 100 पैकी 85 जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. ही 85 माणसं रोज आमच्या काउंटरवर येऊन ॲसिडिटीची गोळी घेऊन जातात असं मला वाटतं.

जायचं कुठे तर धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेजला किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मनोविकार विभागाची ओपीडी विचारा. खाजगीत जाणार असाल तर शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, गोळ्या फक्त डॉक्टरने लिहायच्या असतात, आणि जो "तीन सिटिंगमध्ये गॅरंटी" म्हणतो त्याच्याकडून उठून या. गावात कोणीतरी बघेल, सोयरिकी अडतील, ही भीती मला कळते, आपल्याकडे प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं निघतंच. त्यासाठी टेलिमानस ही फोनवरची हेल्पलाइन आहे, नंबर 14416, सरकारने 10 ऑक्टोबर 2022ला सुरू केलाय, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, कोणी बघत नाही.

हा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून काउंटरच्या काचेवर लावलाय, औषधाच्या पाकिटावरही लिहून देते. तालुक्यातल्या बाकी मेडिकलवाल्या भावांना विनंती आहे, तुम्हीपण लावा, आणि कोणी चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागायला आलं तर नुसतं नाही म्हणून परत पाठवू नका, झोप कधीपासून येत नाही तेवढं विचारा.