गाणं म्हणे चौथ्या नंबरावर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: 'रिॲलिटी शो चालायला तीनच गोष्टी लागतात. खुर्चीत मोठ्या नावाचे परीक्षक, स्पर्धकाची रडकथा आणि चुरशीचा निकाल. गाणं चौथ्या नंबरावर.' आमच्या तीन ग्रुपांवर आला, तिन्हीकडे अंगठेच अंगठे.

आधी मोठं नाव. 2021 मध्ये सोनी मराठीवर 'इंडियन आयडल मराठी' आलं, तेव्हा खुर्चीत साक्षात अजय-अतुल होते. याहून मोठं नाव मराठीत आणायचं कुठून? पनवेलचा सागर म्हात्रे जिंकला, गायचाही छान. पण त्या पर्वातली पाच नावं न अडखळता सांगा बघू.

आता झी मराठीवरचं 2008-09 चं 'लिटिल चॅम्प्स', लहान मुलांची गाण्याची स्पर्धा, घ्या. आळंदीची कार्तिकी, पुण्याची आर्या, अलिबागची मुग्धा, लातूरचा रोहित, रत्नागिरीकडचा प्रथमेश. गावासकट पाठ आहेत. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत लोकप्रिय होतेच, नाही कशाला म्हणू? पण गुण सुरांच्या नावांनी मिळायचे आणि घरोघरी वाद व्हायचा तो 'नी' का दिला, सर्वांत वरचा 'वरचा सा' का नाही, यावरून. आमची आजी तर परीक्षकांच्या आधीच गुण सांगून मोकळी व्हायची. मागे कमलेश भडकमकरांचा वाद्यवृंद, अमर ओकांची बासरी, नीलेश परबची ढोलकी. तीच मुलं आठवड्यामागून आठवडे आज नाट्यगीत, उद्या लावणी गाताना ऐकली की कोण कशात पक्कं आणि कुणाची कुठे तारांबळ उडते, हे ऐकणाऱ्यालाच कळायला लागतं. सुरातलं ओ की ठो न कळणारे माझे काकाही तेव्हा 'आज वरचा स्वर जरा चढाच लागला' असं म्हणू लागले होते. (चूक म्हणायचे, ते सोडा.) शो धरला तो इथे. हेच पाच जण 2021 मध्ये 'लिटिल चॅम्प्स'मध्येच ज्यूरी होऊन परतले. तोवर त्यांची नावं केवढी झाली होती! तरी मला विचाराल तर ती मजा काही आली नाही.

रडकथेचा मुद्दा अर्धा खरा आहे. हिंदी 'इंडियन आयडल'चं बारावं पर्व त्यावर तगलं, हे मान्य. पण त्याच पर्वात किशोर कुमार यांच्यावरचा भाग झाला आणि 'सगळ्यांचं कौतुक करा असं मला सांगितलं होतं,' असं त्यांचे चिरंजीव आणि त्या भागातले पाहुणे अमित कुमार यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं. सगळेच उत्तम म्हटल्यावर आजीने गुण कशाला द्यायचे? ती उठून भाजी निवडायला बसणार.

राहिली चुरस. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हा विनोदी कार्यक्रम 2018 मध्ये सुरू झाला तेव्हा ती स्पर्धाच होती. पुढे स्पर्धा गळून पडली, प्रेक्षक मात्र जागचे हलले नाहीत. त्यातले लाडके विनोदवीर समीर चौघुले तेव्हा कितवे आले होते, आठवतंय कुणाला?