भाजलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी ‘भारी’ अँटिबायोटिक हवे का?

भाजलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी म्हणून एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. शरीराला अँटिबायोटिकची सवय झाली की औषध चालत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांत भारी इंजेक्शनाचा आग्रह धरा आणि एसीची खोली घ्या, म्हणजे संसर्ग होणार नाही, असे त्यात सांगितलेले असते. धास्तावलेल्या माणसाला हे पटते, म्हणूनच त्याचे उत्तर द्यायला हवे.

सवय शरीराला होत नाही. प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, जिवाणूंमध्ये निर्माण होतो आणि त्याची जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांवरून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही, जातात. त्यामुळे आयुष्यात अँटिबायोटिकची एक गोळीही न घेतलेल्या रुग्णाच्या जखमेत शेजारच्या खाटेवरचा प्रतिरोधक जिवाणू येऊन ठाण मांडू शकतो.

भारी औषधाचा मुद्दा अधिक घातक आहे. खोल भाजल्यावर चामड्यासारखा जो कडक, मृत थर उरतो, त्यातला रक्तपुरवठा बंद पडलेला असतो. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबरच जाते, मग ते त्या थरात पुरेसे पोहोचणार कसे? उलट त्याने आतड्यातले आणि अंगावरचे साधे जिवाणू मरतात आणि मोकळी झालेली जागा ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, क्लेबसिएला या जिवाणूंच्या प्रतिरोधक वाणांना मिळते. कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिकांच्या गटातील औषधांना दाद न देणारा ॲसिनेटोबॅक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिरोधक जिवाणूंच्या २०२४ च्या यादीत सर्वांत गंभीर गटात आहे. त्याच्यावर पुष्कळदा कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेले अँटिबायोटिक वापरावे लागते आणि ते मूत्रपिंडांना इजा करू शकते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाची मूत्रपिंडे तर आधीच संकटात असतात. संसर्ग रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली, तर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुने घेऊन औषध ताबडतोब सुरू केलेच पाहिजे. माझा आक्षेप संसर्ग नसताना धरलेल्या आग्रहाला आहे.

हवेचा मुद्दा सर्वस्वी खोटा नाही. ड्रेसिंग सोडताना जंतू हवेत उडतात, आणि म्हणूनच ब्रिटिश डॉक्टर लेनर्ड कोलब्रुक यांनी १९४० च्या दशकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये ड्रेसिंगच्या खोलीत गाळलेली हवा सोडण्याची व्यवस्था आणली. पण घरगुती पद्धतीचा एसी म्हणजे गाळलेली हवा नव्हे. शिवाय ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो. जखमेवरची ओली गॉझ उचललेल्या हातमोज्यानेच सलाइनच्या पंपाचे बटण दाबले, नंतर त्याच बटणाला दुसऱ्या कोणाचा हात लागला आणि तो न धुता पुढच्या खाटेकडे गेला, की जंतूचा प्रवास पुरा झाला.

खरे संरक्षण त्वचेचे आहे. स्लोव्हेनियाच्या शल्यचिकित्सक झोरा यांझेकोविच यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत, म्हणजे मृत थर काही दिवसांतच कापून काढून तिथे त्वचारोपण करणे, आज सर्वमान्य आहे. रुग्णाची स्वतःची त्वचा पुरत नाही तेव्हा दान केलेली त्वचा तात्पुरते आच्छादन म्हणून कामी येते. मुंबईच्या सायन रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत, आणि मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचादान करता येते.