टोपणनाव घ्या, नंबर मात्र पेटीवरचाच द्या

बारसूची रिफायनरी असो, जैतापूरची अणुऊर्जा असो की वाढवणचं बंदर, तुम्ही बाजूने बोला नाहीतर विरोधात, तुमचं मत गावभर पोचवायची मेहनत तुम्ही कशाला घेताय? ते तालुक्याचं न्यूज पोर्टल बघेल. तुम्ही फक्त कच्चा माल नीट पुरवा.

आधी टोपणनाव घ्या. 'सड्यावरचा वाघ' चालेल. मग आंदोलनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरा, पण आंब्याच्या पेटीवर स्टिकर लावता त्याच नंबराने. नाव वाघाचं असलं तरी नंबर ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतो, आणि ग्रुपात १०२४ माणसं मावतात. त्यात एक पोर्टलचा असणारच. आमंत्रणाची लिंक तुम्ही फेसबुकवर टाकलीत तेव्हा सगळ्यात आधी तोच आत आला. ही लिंक रीसेट करता येते, पण करू नका, पाहुण्याचा अपमान होतो. त्याने तुमचा नंबर सर्चमध्ये टाकला की 'अस्सल रत्नागिरी हापूस, पाच डझनी पेटी, घरपोच' ही तुमची जाहिरात वर येते. खाली नाव, वाडी, पोस्ट, तालुका, आणि कलमाखाली हसतानाचा फोटो. चळवळीसाठी वेगळं सिम ठेवणारेही असतात म्हणे. दोन रिचार्ज कोण मारत बसणार?

मेसेज २४ तासांत गायब होण्याची सोय जरूर लावा. झोप छान लागते. समोरच्याने काढलेला स्क्रीनशॉट मात्र २४ तासांनी गायब होत नाही.

बैठकीचे फोटो पोर्टलला पाठवाल ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यातला लोकेशनचा तपशील काढून टाकतं, मग मजा काय राहिली? कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवून डॉक्युमेंट पाठवलंत की बैठक कोणाच्या पडवीत झाली हे अक्षांश-रेखांशासकट पोचतं.

आता पोर्टलवाले गोपनीयता पाळत नाहीत असं कोणी म्हणू नये. स्क्रीनशॉटमधला नंबर ते फोनमधल्या काळ्या हायलाइटरने खोडतात. हायलाइटरची शाई अर्धपारदर्शक असते. ब्राइटनेस आणि एक्स्पोजर वर ढकललं की ओहोटीला खडप उघडं पडावं तसा एकेक आकडा वर येतो. भरीव काळा चौकोन टाकून त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट घेतला असता तर नंबर खरोखर झाकला असता, पण तेवढा वेळ कोणाला आहे? आणि शेजारी डीपी तसाच: तुम्ही, सौभाग्यवती आणि नवी गाडी, नंबरप्लेट स्वच्छ धुतलेली.

नाव गुप्त ठेवण्याची त्यांची हातोटी तर शिकण्यासारखी आहे. 'नाव न छापण्याच्या अटीवर खालच्या वाडीतील, शिमग्याला संकासुर नाचवणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाने सांगितले...' वाडीत घरं चाळीस, निवृत्त गुरुजी दोन, आणि दुसऱ्या गुरुजींचे गुडघे गेलेत.

नुसतं लाइक करणाऱ्यांनीही स्वतःला कमी लेखू नये. २०१२ साली पालघरात एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं. अटक दोघींना झाली. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केलं. तुमचं लाइक मात्र अजूनही नावासकट दिसतं, पोर्टलला तेवढं पुरतं.

कायद्याची धास्ती नको. गोपनीयता मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगून झालंय. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडही २५० कोटींपर्यंत आहे. फक्त, माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पेटीवरचा स्टिकर आठवला ना?

बातमी लावण्याआधी खातरजमा करायला पोर्टलचा माणूस फोन करेलच. तो आंदोलनाचं काही विचारणार नाही. पेटीचा भाव विचारेल, मग म्हणेल, "कोण बोलताय आपण?" पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या नावासकट. गिऱ्हाईक आहे.