एकविसाव्या दिवशी कोंबडी पिल्लांची वैरीण होत नाही

‘एकविसाव्या दिवशी कोंबडी स्वतःची पिल्लं ओळखेनाशी होते आणि चोचीने टोचून मारते, म्हणून त्याआधीच ती वेगळी करा’ असा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. कोंबडीला माया अशी नसतेच, तिला फक्त पुन्हा अंडी घालायची घाई असते, असंही त्यात आहे. शेवटी आईबापांना उपदेश, की मुलांना असंच लवकर दूर करून स्वतःच्या पायावर उभं करा. माझ्या मावशीने तो वाचला आणि तीन आठवड्यांची पिल्लं आईपासून काढून खोक्यात ठेवली. सकाळी ढिगाखालची काही मेलेली निघाली. आता गप्प बसवत नाही.

एकवीस दिवस लागतात ते अंड्यातून पिल्लू बाहेर यायला. तो आकडा उचलून पिल्लाच्या वयाला कोणी चिकटवला कोण जाणे. कोंबडी पिल्लांना साधारण पाच ते आठ आठवडे सांभाळते. एखादी महिन्यातच कंटाळते, एखादी अडीच-तीन महिनेही सोबत फिरवते. ठरलेला दिवस नसतो.

खरं नुकसान करतो तो वेगळं करण्याचा सल्ला. पिल्लाच्या अंगावर सुरुवातीला नुसती लव असते, त्यावर त्याला अंगातली ऊब टिकवता येत नाही. आईविना वाढवायचं तर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातही २९ अंशांच्या आसपास ऊब हवीच. पुरती पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर रात्री आईच्या पंखाखालची जागा काढून घेतली, तर पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. त्यांना आईने मारलं नाही, मेसेजने मारलं. ज्याने तो लिहिला त्याने एक रात्र तरी खुराड्याजवळ काढली असती, तर हे लिहायला हात धजावला नसता.

आता ‘टोचते’ हे खरं आहे, तेवढं मान्य करावं लागतं. काल-परवापर्यंत दाणा सापडला की ती टुकटुक करत तो उचलायची, पुन्हा खाली टाकायची आणि पिल्लं धावून यायची. मग एक दिवस दाणा स्वतःच गिळते आणि जवळ आलेल्याच्या डोक्यावर चोच मारते. संध्याकाळी पिल्लांसोबत जमिनीवर बसायचं सोडून दांडीवर चढते. खाली पिल्लं चिवचिवत राहतात, त्यातलं धीट एखादं उडी मारून तिच्या शेजारी बसू बघतं. पण ही टोचणी दूर सारण्याची असते, जीव घेण्याची नव्हे. पिल्लं मारणारी कोंबडी असते, नाही असं नाही. पण ते बहुधा दुसरीच्या पिल्लांबाबत किंवा नवख्या कोंबडीकडून पिल्लं अंड्यातून बाहेर येतानाच घडतं. रक्त निघेपर्यंत टोचत असेल तर जरूर वेगळं करा, मात्र सगळी भावंडं एकत्र आणि उबेची सोय करून.

‘तुरा लाल झाला की कोंबडी चिडलेली समजा’ हेही त्यातलंच. कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली असताना तिच्या अंगात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं असतं, अंडी थांबतात, तुरा फिका पडतो. ते उतरलं की तुरा पुन्हा रसरसतो आणि अंडी सुरू होतात. रागाचा संबंध नाही.

आणि माया नसते म्हणणाऱ्यांसाठी: ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला आणि आई नुसती बघत होती. तिच्या हृदयाचे ठोके वाढले, डोळ्याचं तापमान उतरलं, ती सावध होऊन पिल्लांना साद घालू लागली. झोत तिच्या अंगावर नव्हता, तरी हे झालं. स्वार्थी म्हणायला यातलं काय उरतं?

आईबापांच्या उपदेशाला उत्तर देत बसत नाही. माणसाचं मूल सहा आठवड्यांत दाणे टिपत नाही.

कोणी आजच पिल्लं काढली असतील आणि कोंबडी अजून त्यांना हाका मारत असेल, तर अंधार पडल्यावर पिल्लं हळूच तिच्या पंखाखाली सरकवा, आणि सकाळी ती त्यांना घेऊन फिरते का ते बघा. घेत नसेल तर खोक्यात कोरडं तूस पसरा आणि एकाच बाजूला उबेसाठी विजेचा दिवा लावा, म्हणजे फार तापलं तर पिल्लांना दुसरीकडे सरकता येईल.